पाचव्या इंजेक्शनानंतरची वीस पावले

तीर्थरूप आबांच्या चरणी वत्सलेचे दंडवत.

मुलीने परस्पर आपणांस लिहावे, ही धिटाई क्षमा करावी.

गुडघ्याचे सैल बंध आवळणारे पाचवे इंजेक्शन झाले. वेदना फारशा नाहीत. चावून फाटलेली उशी मीच शिवली.

काल वराकडील मंडळी दवाखान्यातच मला पाहावयास आली. वराच्या आत्याबाई म्हणाल्या, "चालीन दखाड वं माय." मी न लंगडता वीस पावले चालले.

आत्याबाई हसल्या. "सुईवर चालस ही! धाकली शे का?"

सोबतीला असलेल्या मामांनी तिथेच माझ्या पाठच्या छबूसाठी होकार दिला.

माझी लग्नाची चोळी तिला सैल होईल. आईने आवळून द्यावी. आईची कंबर कशी आहे?

सहावे इंजेक्शन सोमवारी आहे. आता ते घ्यावे काय?

आपली आज्ञांकित,
वत्सला

नंदुरबार, शुक्रवार, १२ डिसेंबर १९४१. सकाळी साडेनऊ वाजता पेटीत टाकले.