नाते स्पष्ट करावे

९ जानेवारी १९७५

आज महिला मंडळाची बैठक, मालतीबाईंच्या बंगल्यावर. विषय — वाट चुकलेली मुलं आणि त्यांची कुटुंबं. खाणं — पोंक, म्हणजे इथला हुरडा, त्यावर लिंबू-मिरीची शेव. विषयाला वीस मिनिटं लागली, पोंकाला सव्वा तास.

मालतीबाई अध्यक्ष, कारण बंगला त्यांचा. मी गृहभेट-प्रमुख, कारण निवडणुकीच्या दिवशी मी गैरहजर होते. हाताखाली कोणी नाही.

कोर्टाकडून नवी केस आली आहे. मुलीचं नाव सुंदरा, पंधरा पूर्ण. बाप हिलाल, दुष्काळात धुळ्याकडून इथे सुरतेत आलेला, नवागामला राहतो, कापडाच्या लूमवर कामाला. पोरगी घरातून पळाली आणि कामरेजच्या हायवेवर एका हॉटेलात कपबशा विसळताना पोलिसांना सापडली. सध्या सरकारी मुलींच्या गृहात आहे. आम्ही घर बघायचं आणि कोर्टाला कळवायचं — पोर परत पाठवण्याजोगं आहे की नाही. मॅजिस्ट्रेट आमचा शब्द मानतात म्हणे. बिचारे!

१० जानेवारी

अरविंदला सांगितलं. म्हणाला, "आपलं घर बघायला कधी येतेस तेही कळव." नवरा बँकेत असला की असे विनोद ऐकावे लागतात.

१७ जानेवारी

नवागाम. वेळ अकराची ठेवली — अरविंदचा डबा गेल्यावर आणि माझ्या दुपारच्या झोपेआधी तेवढीच समाजसेवा बसते.

दहा बाय दहाची एक खोली. दारात सुंदराची आई, शोभाबाई, भाकरी थापतेय. आत डोकावले तर चार बाप्ये! रांगेनं पसरलेले, घोरत. हिलाल लूमवर गेलेला. हे कोण, विचारलं. "गावना शेतस," गावचे आहेत, म्हणाली आणि भाकरी उलटली. एवढंच. बोलण्याची हौस नाही बाईला.

फॉर्मात रकाना आहेच — 'इतर इसम व त्यांचे कुटुंबाशी नाते'. लिहिलं: चार परके पुरुष, भरदिवसा निद्रिस्त. व्यसनाची दाट शक्यता. वयात आलेल्या मुलीस हे घर योग्य नाही.

तिनं चहा दिला होता, बिनदुधाचा. मी प्यायले नाही.

२४ जानेवारी

माझी वाक्यं हुकमात जशीच्या तशी! सुंदरा वर्षभर गृहातच राहणार. मालतीबाईंचा फोन — "उषाबाई, काय भाषा आहे हो तुमची!" दिवसभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत. अरविंदला अहवाल दोनदा वाचून दाखवला. त्यानं पेपर काही खाली केला नाही.

१ फेब्रुवारी

मुलींच्या गृहात मंडळाचं हळदीकुंकू. मुलींना तिळगूळ आणि प्लॅस्टिकच्या साबणदाण्या. साबण मात्र नाही. मालतीबाई म्हणाल्या, "साबण संपतो, दाणी राहते." यावर टाळ्या पडल्या.

एक किडकिडीत मुलगी माझ्याजवळ आली. "तुम्ही जिचं घर पाहिलं ती मी." आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बाई, तुम्ही किती वाजता गेल्या होत्या?"

अकरा, म्हटलं.

"मग झोपलेलेच असतील. रातपाळीवाले आहेत ना ते. सकाळी आठला सुटतात. रात्री ते लूमवर, आम्ही खोलीत. दिवसा बा लूमवर, ते खोलीत. आमच्या सगळ्या गल्लीत असंच आहे." आणि मला समजलं नसेल तर, म्हणून पुन्हा हळू सांगितलं. एक खोली, दोन पाळ्या.

का पळालीस, विचारलं. बापानं शाळा सोडवून लूमच्या सुताच्या कांड्या भरायला बसवलं, म्हणाली. हिला म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेतून सातवीची परीक्षा द्यायची आहे. हॉटेलात वह्या-पुस्तकांपुरतं काम करून परत येणार होती. परवा बाप भेटायला आला, रडला, घरी ये, शाळेत घालतो म्हणाला. "पण आता बाच्या हातात नाही ना. परीक्षा एप्रिलात आहे. इथं सातवी नाही, शिवण आहे."

घरी येईपर्यंत कान तापले होते. अरविंद दर रविवारी जेवून चार तास घोरतो. त्याच्या नावापुढे व्यसन लिहायचं मला कधी सुचलं नाही. लाज वाटली. इथे तरी सरळ लिहावं — फार लाज वाटली.

४ फेब्रुवारी

आज संध्याकाळी साडेसातला गेले. समाजसेवेची वेळ बदलता येते, असा शोध लागला.

चौघं अंघोळ करून, डबे घेऊन निघाले होते. लाजून, भिंतीला चिकटून माझ्या बाजूनं गेले. आठनंतर हिलाल आला. त्यांनी घडी घातलेली गोधडी शोभाबाईनं त्याच्यासाठी अंथरली. चौघांच्या भाकरी हीच करते. तिघे हिलालच्या भावकीतले. चौथा लोटू, शेजारच्या गावचा, तिशीचा, बायको वारलेली. दुष्काळात ह्यांना इथे त्यानंच आणलं, हिलालला लूमवर त्यानंच लावलं, आणि खोलीही त्याच्याच नावावर आहे.

म्हणजे ज्याच्या खोलीत हे राहतात त्यालाच मी परका इसम ठरवला! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चहा आला. बिनदुधाचा. आज सगळा प्यायले. शोभाबाईनं नुसतं विचारलं, "मनी आंडेर कधी येई?" आंडेर म्हणजे मुलगी, हे हिलालनं सांगितलं. सांगायची गरज नव्हती.

७ फेब्रुवारी

मंडळात म्हटलं, अहवाल चुकला, दुरुस्ती पाठवू या. जणू मी पोंकात खडा टाकला. मालतीबाई — "एकदा चुकलो म्हटलं की पुढचं कोण ऐकणार आपलं?" दुसऱ्या एकीनं काळजीनं विचारलं, "पण मुलीला शिवण का नको?"

दुरुस्ती माझ्या एकटीच्या सहीनं पाठवली. शाळेत हेडमास्तरांनाही भेटले. घरी आली तर परीक्षेला बसवू, म्हणाले. देवमाणूस. मंडळात घेतला तर आठ दिवसांत बिघडेल.

१५ फेब्रुवारी

उत्तर नाही.

२६ फेब्रुवारी

आलं! 'तीन इसम नातेवाईक असल्याचे मान्य. चौथ्या इसमाचे कुटुंबाशी नाते स्पष्ट करावे.'

लगेच नवागाम गाठलं. हिलालला म्हटलं, तीन सुटले, चौथ्यापाशी अडलंय. लोटूला दुसरीकडे राहायला सांग. तो म्हणाला, "त्याच्याच खोलीतून त्यालाच कसं काढू, बाई? तो बाहेर म्हणजे आम्ही बी बाहेर." शोभाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

मग मी म्हटलं, "अरे, मग नातं शोधा! मावशीच्या नणंदेचं, आत्याच्या दिराचं, काहीतरी निघेलच. तुमच्या खानदेशात कोणी कोणाचं लागत नाही असं होतं का कधी?"

दोघं हसले नाहीत. मीच हसले. बसमध्ये येताना वाटलं, बरं सुचलं आपल्याला. माणसाशी त्याच्या भाषेत बोलावं लागतं.

१९ मार्च

हिलालनं कोणा वकिलाच्या कारकुनाकडून कोर्टात अर्ज दिला आणि तो मंजूर झाला! मला कोणी काही विचारलं नाही, सांगितलंही नाही. काय नातं निघालं कोण जाणे. मालतीबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "रोटल्याशी काम की टपटपशी?" म्हणजे भाकरी मिळाली ना, मग ती कशी थापली ते विचारू नये. बारा वर्षं सुरतेत राहून एवढंच गुजराती शिकल्या, पण वेळेवर वापरतात.

त्यांनी लगेच ही मंडळाची या वर्षातली पहिली यशस्वी केस म्हणून जाहीर केली. ज्या दुरुस्तीवर सही करायला पेन सापडत नव्हतं, ती आता 'आपली' दुरुस्ती! असू दे. सुंदरा दोन तारखेला सुटते, परीक्षा चौदापासून. बारा दिवस आहेत. गणित मी घेईन, संध्याकाळी साडेसातनंतर.

अरविंद म्हणाला, "आणि माझं जेवण?" म्हटलं, तू पाळी बदलून घे.

३० मार्च

जुन्या बाजारातून सातवीची पुस्तकं आणली. भूगोलाचं शेवटचं पान नाही. चालेल. किती दिवसांनी मन हलकं आहे.

२ एप्रिल

सुंदराला घ्यायला गृहाच्या दारात हिलाल, शोभाबाई आणि कोरी टोपी घातलेला लोटू. हुकमाची नक्कल मी तिथेच उभ्यानं वाचली. 'चौथा इसम कुटुंबाचा नियोजित जावई असल्याचे स्पष्ट झाले. मुलीचे वय पंधरा पूर्ण, कायद्याची हरकत नाही.'

शोभाबाईनं माझ्या ओटीत नारळ घातला. "तुम्हीच सांगं ना बाई, नातं शोधा. सापडनं. सोमवारे हळद शे."

सुंदरा जाताना माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "बाई, आता पुन्हा आमच्या घरी येऊ नका."