सॉसेजच्या रांगेत फोतिनी

प्रिय वासिलिकीताई,

मेलबर्नहून तुझ्या थानासीचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? तिकडे ॲडलेडला यंदाची अंजिरं पोपटांच्या आधी तुला मिळाली का? आम्ही खुशाल आहोत, आणि शनिवारपासून तर जरा जास्तच.

कारण फोतिनीने मत दिलं! अठरा पूर्ण झाल्यापासून पोरीचं एकच पालुपद : सगळे सारखेच चोर, मतदान सक्तीचं असलं तरी दंड भरीन पण मत देणार नाही. (हे शब्द तुझे, ताई. माझ्या घरात तूच सोडलेस.) महिनाभर कानीकपाळी ओरडलो, आणि शेवटी मतदानाच्या शाळेबाहेर पालकांचा सॉसेजचा स्टॉल असतो, तिथे तिला बरोबर नेलं. म्हटलं, निदान कांदे तरी परतायला ये. हलालचा चिमटा वेगळा, शाकाहारींचा वेगळा. माझ्या हातून एकदाच अदलाबदल झाली, तर दोन्ही बाजूंनी बोलणी खाल्ली. फोतिनीने लगेच चिमट्यांना रंगीत दोरे बांधले आणि मला हात लावायची बंदी केली. (सरकार न मानणारी ही पोरगी!)

आमची रांग मतदानाच्या रांगेपेक्षा लांब. तीत सुदानहून आलेल्या अदूतआजी, नव्याकोऱ्या नागरिक, सणाचे कपडे घालून केव्हाच्या उभ्या. फोतिनीने सॉसेज पुढे केलं तर म्हणाल्या, "हे नको गं. मत कुठे द्यायचं? जन्मात पहिल्यांदाच देतेय." फोतिनी ओशाळली. हात धरून त्यांना दारापर्यंत घेऊन गेली.

"तू दिलंस का?" आजींनी विचारलं.

"नाही."

"मग चल की! एकटीला धाकधूक होते."

आणि गेली, ताई! आनंदाच्या भरात माझे सगळे कांदे करपले. डोळे पुसले तेव्हा लोकांना वाटलं, धुराने. दारं बंद होता होता तीच ओरडली, "बाबा, तू दिलंस का?" मी साफ विसरलो होतो! मला एप्रनसकट आत ढकललं. केवढा जीव भांड्यात पडला म्हणून सांगू!

तुझा,
थानासी

ता. क. : घरी आल्यावर तिने विचारलं, आत्या कुणाला मत देते? माझ्या तोंडून थाप निघून गेली, "दरवेळी विचार करून देते." ईस्टरला ती ॲडलेडला येणार आहे. या देशात येऊन चाळीस वर्षं झाली, ताई, आता तरी नागरिकत्वाचा अर्ज कर, म्हणजे मत देता येईल. साठीपुढे परीक्षासुद्धा नसते.

आणखी ता. क. : हे पत्र फोतिनीने वाचलं. आता ती ईस्टरला नाही, येत्या शनिवारीच अर्ज घेऊन येतेय. म्हणते, "आत्याला कळवू नकोस, घर बंद करून बसेल."