आईच्या खोलीतला पारा

२ मार्च, रविवार
मनोज सकाळी आला, संध्याकाळी पनवेलला परत. जाताना आईच्या पलंगाच्या उशाशी खिळा ठोकून थर्मामीटर लावून गेला. लाकडी पट्टीवरचा, काचेचा, साधाच.

गेल्या मे महिन्यात आई याच खोलीत भर दुपारी बेशुद्ध पडली, तेव्हापासून माझ्या या भावाचं एकच पालुपद. आईला माझ्याकडे पाठव. मी म्हणते, खोली गार करते, घरात बदल करते, आई हलणार नाही. आज त्याने अट घातली. एक मेला सुट्टी आहे, तो येणार. दुपारी तीनला पारा चौतिसाच्या वर नसला तर आई इथेच. वर असला तर त्याच्या फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर, एसीत. तोवर रोज तीनचा आकडा त्याला कळवायचा.

मी 'चालेल' म्हणून बसले. आईला दोघांनीही विचारलं नाही. ती तिथेच बसून लसूण सोलत होती.

आज दुपारी तीनला : ३६. अजून होळीसुद्धा नाही.

थर्मामीटर त्यानेच आणलेला. मुद्दाम जास्त दाखवणारा असला तर? असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. तरी आलंच.

५ मार्च
काळूदादा आला होता. डोंगराकडच्या वाडीतला. कुडाच्या भिंती बांधणारा आता या भागात तोच एक उरलाय. घराभोवती फिरला, पश्चिमेच्या भिंतीला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. "तवा हाय का भित, ताय?"

ठरलं ते असं. गच्चीवर चुन्याचे तीन हात. खोलीत स्लॅबच्या खाली दोन झरोके, वर चढलेली गरम हवा बाहेर जायला. आणि पश्चिमेला विटांच्या भिंतीपासून हातभर अंतर सोडून बाहेरून कुड. बांबूचे उभे खांब, त्यात कारवीच्या काठ्या विणायच्या, वर शेणमातीचा लेप. ऊन कुडावर पडेल, मधल्या फटीतून वारा जाईल, आतली भिंत सावलीत राहील.

आई ऐकत होती. म्हणाली, "तुज्या बापानं कुड पाडून स्लॅब घातला. गावात पहिला. पेढं वाटलं. आता तू परत कुड घाल."

अण्णा भिवपुरीच्या वीजघरात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने घातलेला स्लॅब. आई तेव्हा काय म्हणाली होती ते आठवत नाही. बहुतेक तेव्हाही लसूण सोलत असेल.

कारवी काळूदादाकडे वाळवून ठेवलेली आहे. बांबू त्याच्या बांधावरच्या बेटातला. पण आता तोडणार नाही म्हणतो. होळीनंतर.

"होळीनंतर का?"

"आता चांदनं चढतंय. चांदन्यात तोडला का भुंगा लागतो. काळोख पडूं द्या, आवस जवळ येऊं द्या."

म्हणजे दहाबारा दिवस नुसते जाणार.

८ मार्च
कळलं. काळूदादा कळंबच्या एका रिसॉर्टवर रोज जातोय. पाहुण्यांसाठी 'गावाकडच्या' खोल्या, कुडाच्याच. तिथे चांदणं आड येत नाही, माझ्याकडेच येतं!

खोपोलीच्या वखारीत फोन केला. बांबू तयार आहे, उद्या टेंपो येईल.

९ मार्च
बांबू आला. हिरवागार, सरळ. काळूदादाला बोलावलं. त्याने एक बांबू उचलला, पेराशी नखाने खरवडून वास घेतला. "कदी तोडलाय?" टेंपोवाल्याला काय माहीत. मी म्हटलं, "ताजाच आहे." म्हणाला, "त्येच तर." मग बराच वेळ तंबाखू मळत बसला.

"रिसॉर्टवर कुठला बांबू वापरता?" मी विचारलंच.

"तिकडं मागच्या आवसेचा हाय," तो म्हणाला. चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

माझ्यावर विश्वास नसल्यासारखा बघत होता की माझा त्याच्यावर नाही म्हणून बघत होता, सांगता येत नाही. उद्यापासून येतो म्हणाला.

१३ मार्च, होळी
गच्चीवर चुन्याचा तिसरा हात झाला. वर उभं राहिलं की डोळे मिटतात. आई खालून ओरडली, "चुना लावून झाला का गं माज्या डोक्यावं?"
दु. ३ : ३५. काल ३७ होता.
म.ला कळवलं. त्याचा फक्त अंगठा आला.

१९ मार्च
कुड उभा राहिला. अजून लेप नाही, तरी भिंतीची चटका देणारी धग गेली. झरोके फोडले. फोडताना स्लॅबच्या कडेची धूळ आईच्या देव्हाऱ्यावर पडली, त्यावरून दोन तास अबोला.
आईने शेणाला पहिला हात स्वतः लावला. गुडघ्यांचं दुखणं विसरून खाली बसली. बोटांची कमान अजून तशीच आहे, लहानपणी अंगणात पाहिलेली.
दु. ३ : ३४ आणि थोडं.

३० मार्च, पाडवा
गुढी गच्चीवर. पांढऱ्या चुन्यावर तिची सावली निळी दिसत होती.

काल एकजण मोटरसायकलवरून येऊन विहीर बघून गेला. "नुसती बघतोय, मॅडम." पाणी बारमाही का, गाडी आत येते का, खोल्या किती. सांगितलं नाही काही. आज म.चा फोन आला तेव्हा विचारलं, घराला गिऱ्हाईक तू पाठवलंस का? तो म्हणाला, "ताई, तुला काय झालंय?" हे 'नाही' नाही. मागून वहिनीचा आवाज, "मेनंतर बघू म्हणून सांगा ना त्यांना." कुणाला सांगा?
दु. ३ : ३५.

८ एप्रिल
कुडाच्या पायथ्याशी पिवळसर भुकटी. पिठासारखी, रेष आखल्यासारखी. वाटलं, आईने मुंग्यांसाठी काही टाकलं. झाडून काढली. दुपारी परत. बांबूला कान लावला तर आतून बारीक करकर.

१० एप्रिल
काळूदादाने सुरी खुपसली. पावात जावी तशी खांबात गेली. सगळे तसेच, पाच सोडून.

पहिला विचार काय यावा माझ्या मनात? की यानेच काही केलं असेल. स्वतःचं म्हणणं खरं करायला. तो उकिडवा बसून भुकटी बोटावर घेत होता आणि मी त्याच्या चेहऱ्यावर समाधान शोधत होते. नव्हतं. वाईट वाटलेलं होतं. कुड त्याच्याच हातचा ना.

"भुंगा आतनं घेऊनच आलावता," तो म्हणाला. "गोड असतो चांदन्यातला बांबू. त्याला पन कळतं."

उद्या कुड उतरवणार. त्याच्या बेटातला बांबू काळोखात तोडायचा, म्हणजे पौर्णिमा गेल्यावर, तीही थोडी मागे पडल्यावर. एक मे आलाच. मी होळी उलटेपर्यंत थांबले असते तर आत्ता लेप वाळलेला असता. थांबले नाही, कारण एक माणूस मला खोटं सांगतोय याची मला खात्री होती.

आईला सांगितलं की आता जमणं कठीण आहे. ती "बरं" म्हणाली. एवढंच.

१३ एप्रिल
कुड नाही. भिंत पुन्हा उघडी. दु. ३ : ३७. म.ला कळवलं. त्याने लिहिलं, 'बॅगा आणू का येताना?' चेष्टा असेल.

१६ एप्रिल
दु. ३ : ३३.
परत पाहिलं. ३३. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय. भिंतीवर दिवसभर ऊन. चुना आणि झरोके आहेत, मान्य. पण ते तर तेरा तारखेलाही होते.
म.ला कळवलं. तो म्हणाला, "अरे वा."

१८ एप्रिल
३३. काल साडेतेहेतीस.
माझ्या ब्लाउजची पाठ ओली, आईच्या कपाळावर घाम, आणि पारा तेहेतीस. थर्मामीटर बिघडला असणार. किंवा म.ने असा आणलाय की आधी जास्त, मग कमी, मग... काय मग? असं वागणारं यंत्र कोण विकतं? माझं डोकं बिघडलंय.
ठोकून पाहिला. पाऱ्याची रेघ सलग आहे, तुटलेली नाही.

२२ एप्रिल
काळूदादा बांबू घेऊन आला. काल-परवा तोडलेला, अवस चार-पाच दिवसांवर. हा आधीच्यापेक्षा कोरडा वाटतो, रंग फिका. मी खरवडून वास घेतला. मला काही कळलं नाही. तो हसला, "ताय शिकल्या."
दु. ३ : ३३.

२५ एप्रिल
कुड पुन्हा उभा. उद्यापासून लेप.
मी विचारलं, एक तारखेपर्यंत खोली चौतिसाच्या खाली येईल ना? म्हणाला, "येंल. पन ते खरं नाय धरायचं. वली हाय तवर कुनाची बी भित गार. सुकल्यावर कळंल."
म्हणजे एक मेचा आकडा खरा आला तरी खरा नसेल.

२७ एप्रिल, रविवार
रोज मी लिहायच्या टेबलावरून तीनला उठते. आज वाक्य जमेना म्हणून अडीचलाच उठले.

खिळ्यावर थर्मामीटर नव्हता.

आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली. झोपलेली नव्हती, मला तिची झोप माहीत आहे. स्वयंपाकघरात गेले. माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यात, पारा आतल्या बाजूने, नीट खोचून ठेवलेला. लाकडी पट्टी मागून काळी पडून फुगली आहे. कितीतरी दिवसांची ओल.

मी दारामागे उभी राहिले. तीनची एसटी फाट्यावर हॉर्न देते. तो वाजायच्या जरा आधी आई उठली, भिंतीला धरत आली, थर्मामीटर काढला, पदराने पुसला, गेली, लावला. परत पडली. गुडघे दुखतात म्हणून देवळात येत नाही ती बाई.

तीनला गेले. ३३. पट्टीची मागची बाजू हाताला गार.

"आई, हे ओलं कसं?"

"घाम आला आसंल त्याला."

हसू आलं. मग नाही आलं. पलंगावर बसले.

"मनोजला मी खोटे आकडे पाठवतेय दहा-बारा दिवस."

"तू कुटं? तुला काय ठावं हुतं?" मग उशी सारखी करत, "त्याच्याकडं खिडकी उगडली का सूनबाय म्हनती, एसी हाय, लावा. मी चार दिस व्हते, चार दिस खिडकी लावली गं. आनि तू पुस्तकं लिवतीस, त्यातलं समदं झाल्यालं असतं का? एक आकडा लिव की."

"आणि परत चक्कर आली तर?"

यावर तिने कूस बदलली.

मी काळूदादावर संशय घेतला, मनोजवर, वखारीवर, थर्मामीटर बनवणाऱ्यावर. जिच्या उशाशी रोज तीनला उभी राहत होते तिच्यावर नाही. भीती कुणाला वाटतेय तेच मी पाहिलं नव्हतं.

म.ला खरं सांगायला हवं. आज कळवलं : ३३.

२९ एप्रिल
लेपाचा दुसरा हात. घरभर शेणमातीचा वास. आई आज कुडाशी बसली नाही, खुर्चीवरून सूचना देत होती. काळूदादा, "आजी, तुमी लिपा, आमी बसतो खुर्चीवं."
थर्मामीटर मी माझ्या कपाटात ठेवते, दोनला लावते, तिथेच बसते. दु. ३ : साडेचौतीस. हा खरा. म.ला हाच कळवला. त्याने विचारलं, 'वाढला कसा?' फोन पालथा ठेवला.

१ मे
म. अकराला आला. बॅगा नव्हत्या. निदान डिकीबाहेर नव्हत्या.

थर्मामीटर मी सकाळीच खिळ्यावर लावला आणि खोलीत बसून राहिले. फक्त जेवण वाढायला उठले. वीस मिनिटं. तेवढ्यात आई हात धुवायला म्हणून आत गेली होती. कुठे आत, ते पाहिलं नाही.

म. गच्चीवर जाऊन आला, कुडाच्या फटीत हात घालून उभा राहिला. "वारा येतो गं," म्हणाला, लहान असताना म्हणायचा तसा. मग पाणी प्यायला माठाकडे गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा माठाच्या फडक्याने ओली झालेली बोटं पुसत होता.

तीनला तिघेही पलंगाशी. एसटीचा हॉर्न. पारा चौतिसावर. बरोबर रेघेवर, वर नाही. म. वाकून वाचत राहिला. मग भिंतीला तळवा लावून म्हणाला, "कुड ओला आहे अजून."

"हो," मी म्हटलं.

"वाळू दे. पंधरा तारखेला येतो परत."

विहिरीचं विचारलं नाही. त्यानेही काढलं नाही. निघताना गाडीतून दुसरा थर्मामीटर आणला, नवा, पहिल्यासारखाच. पडवीतलं बुटकं स्टूल आत नेलं, त्यावर चढून, हात पूर्ण वर करून, झरोक्याच्या जरा खाली खिळा ठोकला. जुना काढून खिशात घातला. काढताना त्याने पट्टीच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला. मी पाहिलं. त्याने, मी पाहतेय हे पाहिलं.

आईच्या पाया पडला. "सांभाळ," म्हणाला. कुणाला, कळलं नाही.

गाडी फाट्याला वळेपर्यंत आई दारात उभी होती. मग आत येऊन मान वर करून नव्या थर्मामीटरकडे बघत राहिली. अगदी सहज म्हणाली, "त्ये बुटकं स्टूल कुटं ठिवलं गं त्यानं?"

पलंगाखाली सरकवलंय. मी सांगितलं नाही. काढूनही ठेवलेलं नाही अजून.