बावखलाचा काय दोष

९ फेब्रुवारी, सोमवार
डायलिसिस. (यापुढे नुसतं डा. अख्खा शब्द लिहायची हौस नाही.) शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांची सून मला विचारते, "तुम्ही पाणी कमी प्यायचात का हो?" नाही बाई, भरपूर प्यायचे. आमच्या घराण्यात किडन्याच अशा येतात. माझ्या आजोबांकडून बाबांना, बाबांकडून मला.
"अय्या, वारशात?"
हो. दुसरं काही मिळालं नाही.
आता दिवसाला एक लिटर. चहा, आमटी, गोळी गिळायचं पाणी, सगळं त्यातच. इथे मनवेलपाड्यात नळाला पाणी आलं की बादल्यांचा आवाज सुरू होतो. मी दार लावून घेते.

२२ फेब्रु., रवि.
सांडोरला, गावच्या घरी गेले. काका ओट्यावर वाटच बघत होते. बाबांचे थोरले भाऊ. स्वतःचं मूलबाळ नाही, बाबा गेल्यावर मला आणि निलेशला त्यांनीच वाढवलं. म्हणून तर तोंड उघडताना जीभ अडखळते. आज नाही अडखळली.
बावखल बुजवायचं ठरवलंय म्हणे. केळीच्या वाडीमागचं आमचं तळं! पणजोबांच्या आधीपासूनचं, सगळी केळी त्याच्यावर जगलेली.
"बाय, डॉक्टर माझ्यासमोर बोलला. तुझ्या किडनीत पान्याच्या पिशव्या झाल्यात. पानी कुठलं? आपलंच ना?"
काका, बावखलाचं पाणी आपण पीत नाही. केळी पितात.
"केळी पितात, नि केळी आपण खातो."
तुम्ही सत्तर वर्षं तीच केळी खाताय, तुम्हाला काय झालंय?
"माझं नशीब."
डोकं फिरलं माझं. त्याहून जास्त फिरलं निलेशला गालातल्या गालात हसताना बघून. सख्खा भाऊ. त्याच्यातही हे असायची शक्यता अर्धीअर्धी. एक सोनोग्राफी केली की कळेल. वेळेत कळलं तर बीपी सांभाळून पुष्कळ वर्षं ढकलता येतात. मला वेळेत कळलं नाही. तीन वर्षं त्याच्या मागे लागलेय.
"ताई, पाणीच बंद होतंय, आता तपासायचं काय?"
भित्रा. भित्रा. भित्रा.

४ मार्च, बुध.
डा. सुया टोचून झाल्या आणि प्रज्ञाचा, निलेशच्या बायकोचा, फोन. याचं डोकं रोज सकाळी दुखतं. बीपीच असणार. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतो, गिळतो आणि वाडीत जातो. दुखण्याची गोळी! ज्याच्या किडनीचा भरवसा नाही त्याने! खुर्चीतूनच ओरडले. सिस्टर धावत आली, माझंच बीपी वाढलेलं. साहजिक आहे.
प्रज्ञा म्हणाली, "मी बोलले तर ऐकत नाहीत. म्हणतात, तुला ताईने पढवलंय."
पढवलंयच.

१५ मार्च, रवि.
डंपर आले. कुठल्यातरी पाडलेल्या बिल्डिंगचा राडारोडा. फरशांचे तुकडे, निळ्या बाथरूमच्या टाइल्स, सगळं बावखलात. मासे काठाला येऊन तडफडत होते, पोरं बादल्या भरभरून नेत होती. संध्याकाळपर्यंत संपलं. काठावरची केळीही काकांनी स्वतः कोयत्याने तोडली, घड लागलेली. कुणाला हात लावू दिला नाही.
गावात बोलतात, म्हाताऱ्याने बिल्डरकडून पैसे खाल्ले. एक पैसा घेतलेला नाही. घेतला असता तर बरं झालं असतं, निदान मनापासून शिव्या घालता आल्या असत्या. या माणसाने आमच्यावरच्या मायेपोटी स्वतःची वाडी मारली आणि मी काठावर उभी राहून त्यांच्यावरच चरफडत होते. वर सगळीकडे नाव माझं. "पुतणीसाठी केलं हो."
माझ्यासाठी काही करायचं होतं तर त्या गाढवाला सोनोग्राफीला न्यायचं होतं.

१८ मार्च, बुध.
डा. करून येऊन पडले होते. दार वाजलं. काका, खांद्यावर वीस लिटरचा पाण्याचा जार. तीन जिने चढून. धापा टाकत म्हणतात, "फिल्टरचं हाय, बाय. आता पी, कितीपन पी."
ओरडले. काय काय बोलले आठवत नाही, शेजारच्या काकू डोकावल्या एवढं आठवतंय. मला पाणी चालत नाही, कुठलंच चालत नाही, देवाच्या घरचं आणलंत तरी चालत नाही! काका चपला घालून निघून गेले. चहासुद्धा विचारला नाही मी.
जार कोपऱ्यात आहे. रडून डोळे सुजले. तहान लागलीय.

१२ एप्रिल, रवि.
बीपीचं मशीन पिशवीत टाकलं आणि सांडोर गाठलं. भांडायचं नाही असं बसमध्ये बजावून ठेवलं होतं.
आधी काकांना बसवलं. १३० वर ८०. पोरासारखे खूश. मग प्रज्ञाने निलेशचा दंड धरला, तो "सोड गं" म्हणत राहिला, तिने सोडला नाही. १९० वर ११०. परत लावलं. तेच.
 मशीनचा पट्टा फुस्स करत सुटला.
काका कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत होते. मग म्हणाले, "पानी बंद करून म्हयना झाला, तरी याचं चढलं. म्हंजे पानी नव्हतं?"
नव्हतं.
"मंग बावखल मी उगाच..."
माझ्याकडे उत्तर कधीचं तयार होतं. महिनाभर मनात घोळवलेलं, चांगलं झोंबणारं. तोंडातून फक्त "हो" आलं. आणि ते बोलूनही काही बरं वाटलं नाही.
काका उठून मागच्या दारी गेले. तिथे आता नुसता राडारोडा. निलेश पहिल्यांदा मान खाली घालून म्हणाला, "गुरुवारी जाऊ."

१६ एप्रिल, गुरु.
सोनोग्राफी सेंटर, वसई. बाकावर बसून लिहितेय.
पोटात पाणी भरलेलं लागतं म्हणे. काकांनी कूलरवरून बाटली भरून आणली आणि निलेशच्या समोर उभे राहिले. "पी. थांबू नको. आनखी पी." हेच काका! निलेश घटाघटा पीत होता आणि मी त्याच्या गळ्याकडे बघत होते. बघवत नव्हतं आणि नजर हलत नव्हती.
काकांनी सवयीने बाटली माझ्यापुढे केली. लगेच मागे घेतली. "तुझं आजचं किती ऱ्हायलं, बाय?"
इतक्या वर्षांत घरच्या कुणीतरी पहिल्यांदा विचारलं.
अर्धा कप.
"मंग ठेव. नंतर च्या घेऊ."
निलेशचं नाव पुकारलं. प्रज्ञा दारापर्यंत गेली, तिला बाहेरच थांबवलं. काका माझ्या शेजारी येऊन बसले.
"निघाल्या पिशव्या तर?"
तर तीन वर्षं फुकट घालवली म्हणून त्याला मारीन.
"नि नाय निघाल्या तर?"
तरी मारीन.
काकांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "आधी मला मार."
दार अजून उघडलेलं नाही.