भिकाजीकाकांची शेवटची ओळ

६ ऑक्टो., सोम.
मुंबई ऑफिसचं फर्मान. यापुढे सगळ्यांचे मेल एकसारखे. वर काजूचा लोगो, खाली नाव, हुद्दा, फोन. मधला मजकूरही ठरलेला: 'आपली ऑर्डर मिळाली. धन्यवाद.' सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर बसवायचं माझ्या गळ्यात. एकदा प्रिंटर चालू करून दिला, त्याची शिक्षा भोगतेय.

७ ऑक्टो.
दिवसभर तेच. लोगो कुणाकडे ताटाएवढा, कुणाकडे दिसतच नाही. मान आखडली. घरी येऊन नुसती खिचडी टाकली. भिकाजीकाकांचं राहिलंय.

८ ऑक्टो.
काकांचं बसवलं. आमची काजूची फॅक्टरी सुरू झाल्यापासून विक्रीचे मेल तेच लिहितात. प्रत्येक मिठाईवाल्याला शेवटी स्वतःची एक ओळ. 'पाऊस जायचं नाव घेत नाही.' 'आमच्या पूर्णगडला सुरमई लागली.' 'सूनबाई बऱ्या का?' आता ते बंद. मजकुराला कुलूप लावायचं, अशी मुंबईची ऑर्डर, लावलं मी. काकांनी दोनदा टाइप करून बघितलं.
"मग माझं काय राह्यलं गो ह्यात?"
"नाव आहे की काका, ठळक अक्षरात."
मेलं तोंड माझं.

१० ऑक्टो.
काका नुसतं बटण दाबतात. डबाही अर्धा परत. म्हणाले, दिवाळीनंतर सोडतो, बटण काय कोणीपण दाबेल. मुंबईला फोन केला, काकांना एक ओळ तरी मोकळी ठेवा म्हटलं. तिकडचा मुलगा: "मॅडम, ब्रँडिंग आहे ते." सोमवारी मुंबईचे साहेब इकडे रत्नागिरीत येतायत, त्यांना विचारा म्हणे. डोकं उठलं नुसतं.

११ ऑक्टो., शनि.
सकाळी नाशिकच्या मिठाईवाल्यांचा फोन. आवाज दबका.
"ताई, भिकाजीशेठ कधी गेले? कळवलं नाहीत. मेलवर नाव त्यांचंच, पण लिहिणारा माणूस दुसरा, हे कळतं हो."
फोन काकांच्या हातात दिला.
"मीच बोलतोय. आहे अजून."
मग बराच वेळ ऐकत राहिले. फोन ठेवला, चष्मा पुसला.
"'आहे अजून' एवढं लिहायला तरी जागा कर गो कुठं."
रडूच आलं मला.

सगळे गेल्यावर काकांच्या मेलचं कुलूप काढलं. कुणाला विचारलं नाही. साहेब काय म्हणतील, नोकरी राहील का, देव जाणे. परवा काका नऊला येतील, साहेब दहाला. त्या तासाभरात नाशिकला एक मेल जाईल.