तहानलेला वाल

बाबा, आज बाजारात वालाच्या कोवळ्या शेंगा दिसल्या आणि मी त्या न घेताच घरी आलो. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वाल दिसला की गव्हाणचं आपलं शेत आठवतं.

त्या साली पाऊस लवकर गेला. भात कापल्यावर जमिनीत ओल उरलीच नव्हती. पहिला वाल उगवला नाही, म्हणून राखेत ठेवलेलं उरलेलं बीही तू मडकं पालथं करून पेरलंस. आजोबांपासून जपलेलं बी; घरात एक दाणा शिल्लक नाही. मी शेतकी कॉलेजातून सुट्टीला आलेलो, चार पुस्तकं वाचून दीडशहाणा झालेला. दुपारी वालाने माना टाकल्या तेव्हा मी एक रोप उपटलं, मुळावरची नत्र धरणारी गाठ नखाने फोडली. आतून गुलाबी असायला हवी ती हिरवट पडली होती. शेजारच्या चार माणसांसमोर मी सांगून टाकलं, "आज पाणी नाही दिलं तर वाल गेला."

तू बांधावर विडी ओढत बसला होतास. म्हणालास, "तान लागलीय त्याला, मेला नाय तो. सकाली ये नि बघ, दवानं ताठ उभा हाय. सोसू दे त्याला." मी हसलो. अक्षरशत्रू माणूस मला काय शिकवणार, हे त्या हसण्यात होतं आणि ते तुला कळलं. तू उठून पनवेलच्या बाजाराला गेलास. माणसं पांगली. मी फावडं घेतलं, खाडीलगतच्या तळ्याचा बांध फोडला आणि पाणी शेतात सोडलं. इतर वर्षी ते तळं माघापर्यंत गोडं असायचं.

चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. तू एक पान चावलंस आणि थुंकलंस. तळ्याच्या बांधावर फावड्याचे घाव दिसत होते. तरी शेजारी आले तेव्हा तू आधीच बोललास, "बांद फुटला. भरती मोठी होती." आईने रिकामं मडकं उचलून आत नेलं. पुढच्या पेरणीला तू नव्हतास.

मग मी प्रयोगशाळेत जन्म काढला. काम हेच, तहानलेली कडधान्यं. पाणी तुटलं की रोप पानांत प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल आणि साखर साठवतं, त्यांच्या जोरावर पेशींतली ओल धरून ठेवतं. मुळांवरच्या गाठी नत्र धरायचं काम थांबवतात, रोप मात्र तग धरून असतं. हे पहिल्यांदा माझ्याच परीक्षानळीत पाहिलं त्या दिवशी मी सगळ्यांदेखत रडलो. तू सांगितलंस तेच होतं रे. वाल जगायला धडपडत होता आणि मी त्याला मीठ पाजलं.

पाणी खारं आहे हे पोराला ठाऊक नसणार, असं समजूनच तू माझी चूक झाकलीस. मीही स्वतःला तेच सांगत आलो. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहितो. बांध फोडण्याआधी मी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं होतं. खारट लागलं होतं, बाबा. पण चार माणसांसमोर बोलून बसलो होतो.