करवतीचा वाकडा दात

ठमाबाई,

मी कामावर निघालोय. झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. हात कोमट पाण्याने धुतला, टिपला, मलम पॉलिशसारखं पातळ लावलं. थोडी लस येतेय, मनगटाजवळ चुरचुरतंय, पण तू घाबरवलं होतंस तेवढं काही नाही. खपली धरली तरी खाजवणार नाही.

आता नीट वाच. तुझा पहिला टॅटू, बापाच्या हातावरची करवत, आणि तिचा एक दात वाकडा गेला म्हणून तू काल जेवली नाहीस. टॅटूचं मशीन परत करते म्हणालीस. अगं, तीस वर्षं सुतारकाम करतोय मी. करवतीचे दात आम्ही मुद्दाम वाकवतो, एक डावीकडे, एक उजवीकडे. सरळ ठेवले तर करवत लाकडात अडकून बसते. त्या दाताला हात लावलास तर याद राख.

वर्षभर तू हे काम शिकत होतीस, आणि मी त्याला नावं ठेवली. आज अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलाय. कारखान्यात सगळ्यांना दिसलं पाहिजे.

जेवण झाकून ठेवलंय, संपव. उद्या आई टॅटूला बसणार आहे, तिला फूल हवंय. पाकळ्या मात्र नीट काढ. तिच्यापुढे करवतीची सबब चालायची नाही.

बाबा